कॅडन्स मोजणारा सायकल कॉम्प्युटर : कमी पैशात कसा निवडावा?

मूल आठवी-नववीत गेलं की गिअरची सायकल घरात येते आणि पाठोपाठ हँडलवर लावायच्या छोट्या कॉम्प्युटरची मागणीही येते. दुकानात हजार-दीड हजारापासून कित्येक हजारांपर्यंत पर्याय दिसतात. त्यातला आपल्या कामाचा कोणता, ते आज पाहू.

कॅडन्स म्हणजे काय?

एका मिनिटात पायडलच्या किती पूर्ण फेऱ्या होतात, तो आकडा म्हणजे कॅडन्स. वेग चाकाचा असतो, कॅडन्स पायांचा. हा फरक एका उदाहरणाने लगेच समजतो.

समजा, चाकाचा परीघ २.१ मीटर आहे. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्याला २२. पायडलची एक फेरी झाली की चाकाच्या दोन फेऱ्या होतात आणि सायकल ४.२ मीटर पुढे जाते. कॅडन्स ६० असेल तर मिनिटाला २५२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५ किमी.

आता मागे ११ दात्यांचं चक्र घेतलं. एका फेरीत सायकल ८.४ मीटर जाईल. तोच १५ चा वेग आता कॅडन्स ३० वरच मिळेल. वेगाच्या आकड्यात काहीच फरक नाही. पण फेऱ्या निम्म्या झाल्यामुळे प्रत्येक फेरीत पायाला दुप्पट जोर लावावा लागतो. हा ताण गुडघ्यावर येतो. मुलांना जड गिअर टाकून सायकल रेटायची हौस असते, म्हणून पालकांनी कॅडन्सकडे लक्ष द्यायचं.

रोजच्या चालवण्यात ६० ते ८० कॅडन्स बहुतेकांना सोयीचा पडतो. सराव केलेले सायकलपटू ८० ते १०० च्या आसपास ठेवतात. मुलांनी हा आकडा गाठायलाच हवा असं मुळीच नाही.

यंत्र हे मोजतं कसं?

जुनी आणि स्वस्त पद्धत चुंबकाची. पायडलच्या दांड्यावर, म्हणजे क्रँकवर, छोटं चुंबक बसवतात आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर सेन्सर. चुंबक समोरून गेलं की सेन्सरमधल्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि एक ठोका नोंदला जातो. दोन ठोक्यांमधल्या वेळेवरून कॅडन्स काढला जातो. नव्या सेन्सरला चुंबक लागत नाही. तो क्रँकलाच बांधतात आणि फिरताना होणारा बदल तो स्वतः ओळखतो.

तीन पर्याय

१. वायरचा कॉम्प्युटर. फोनशी जोडणी वगैरे भानगड नाही. बटण-सेल बराच काळ टिकतो. फक्त वायर मागच्या चाकापर्यंत पुरते का ते पाहा आणि ती फ्रेमला नीट बांधा, नाहीतर पायात अडकून तुटते.

२. ब्लूटूथ सेन्सर आणि घरातला फोन. नवीन पडदा विकत घ्यावा लागत नाही. मात्र सेन्सर ब्लूटूथवर चालतो ना, हे आधी विचारा. फक्त अँट प्लसवर चालणारा सेन्सर बहुतेक फोनना जोडता येत नाही. पावसात आणि खड्ड्यांत फोन हँडलवर ठेवायचा का, याचाही विचार करा.

३. जीपीएस कॉम्प्युटर. इथे बरेच जण फसतात. जीपीएसला आपली जागा आणि वेग कळतो. पाय किती वेळा फिरले ते कळत नाही. खोक्यावर 'कॅडन्स सपोर्ट' लिहिलेलं असलं तरी सेन्सर बहुधा वेगळा घ्यावा लागतो. किमतीची तुलना दोन्हींची बेरीज करूनच करा.

घेण्याआधी हे पाहा

चुंबक तुमच्या क्रँकवर बसतं का? सेन्सर आणि चुंबक यांत काही मिलिमीटरच अंतर चालतं. सेल गावात मिळतो का? सीआर २०३२ हा सेल घड्याळाच्या दुकानातही सहसा मिळतो. आकडे उन्हात वाचता येतात का? पावसाळ्यासाठी आयपीएक्स ७ लिहिलेलं असेल तर उत्तम. म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी. बाकी नकाशे, गाणी, रंगीत पडदा ही सगळी चैन.

आणि कधी घेऊच नये?

सायकल बिनगिअरची असेल तर कॅडन्ससाठी वेगळा पैसा घालवू नका. तिथे दात्यांचं प्रमाण बदलतच नाही. एका फेरीत ४.२ मीटर जाणारी सायकल पायडल मारत ताशी २० किमीने चालली, तर कॅडन्स ८० च्या आसपासच असणार. साधा वेग दाखवणारा कॉम्प्युटर पुरेसा आहे, उरलेलं काम भागाकार करतो.

गिअरची सायकल असली तरी आधी आठवडाभर फुकटात मोजा. मोकळ्या, रहदारी नसलेल्या मैदानात मुलाला चालवू द्या. आपण घड्याळ लावून उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर आला ते मोजायचं आणि चारने गुणायचं. १५ आले तर कॅडन्स ६०.

सातवी-आठवीच्या वर्गात गुणोत्तर आणि परीघ शिकवताना हाच प्रयोग करून घ्या. मुलं दाते मोजतील, चाकाचा परीघ दोऱ्याने काढतील, वेगवेगळ्या गिअरचा तक्ता बनवतील. त्यानंतर यंत्र हवं की नको, हे मुलं स्वतःच नेमकं सांगू शकतील, आणि घेतलंच तर त्यावरच्या आकड्याचा अर्थही त्यांना कळलेला असेल.