क्रिएटिनिन वाढण्याआधी

मूत्रपिंडाला इजा झाली तरी बहुधा ते दुखत नाही. रक्तातले क्रिएटिनिन वाढते, आणि तेही उशिरा. स्नायूंमध्ये सतत तयार होणारा हा टाकाऊ पदार्थ मूत्रपिंडे गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. गाळण मंदावली की तो रक्तात साचू लागतो. मात्र साचायला वेळ लागतो. शस्त्रक्रिया चालू असताना रक्तदाब घसरून मूत्रपिंडाच्या पेशींना इजा झाली, तर रिपोर्टमधला आकडा नीट वर चढलेला दिसायला एक-दोन दिवस जातात. उपचाराला खरा वाव असतो तो याच काळात. शिरेतून योग्य तेवढे द्रव देणे, रक्तदाब सावरणे, वेदनाशामक गोळ्या किंवा जेंटामायसिनसारखी मूत्रपिंडाला जड जाणारी औषधे थांबवणे, हे सारे वेळेत झाले तर पुढचे नुकसान पुष्कळदा टळते. रुग्णाच्या नोंदींवरून संगणकाकरवी इजेचा अंदाज आधीच बांधण्याचा खटाटोप त्यासाठीच चालला आहे.

'केडिगो' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये तीव्र इजेची व्याख्या निश्चित केली. क्रिएटिनिन ४८ तासांत प्रति डेसिलिटर ०.३ मिलिग्रॅमने वाढले, सात दिवसांत मूळ पातळीच्या दीडपट झाले, किंवा सलग सहा तास लघवीचे प्रमाण फार घटले, तर इजा झाली असे मानतात. लघवीची मर्यादा वजनावर ठरते. ६० किलोच्या माणसासाठी ती ताशी ३० मिलिलिटर. वॉर्डात कॅथेटर नसलेल्या रुग्णाची लघवी तासागणिक कुणी मोजत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात सगळी भिस्त क्रिएटिनिनवरच राहते. संगणकाला शिकवतानाही 'इजा झाली' ही खूण बहुतेक वेळा त्यावरूनच ठरते.

या दिशेचा सर्वांत गाजलेला प्रयोग २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनच्या डीपमाइंड कंपनीने अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्यखात्याबरोबर ७,०३,७८२ प्रौढांच्या नोंदी वापरल्या. तपासण्या, औषधे, आधीचे आजार यांवरून दाखल रुग्णाचा धोका संगणक दर सहा तासांनी नव्याने मोजत असे. रुग्णालयात झालेल्या इजांपैकी ५५.८ टक्के त्याने ४८ तासांपर्यंत आधी ओळखल्या. पुढे डायलिसिस लागले अशा इजांत हे प्रमाण ९०.२ टक्के होते. मात्र दर खऱ्या इशाऱ्यामागे दोन खोटे इशारे होते.

या नोंदींत स्त्रिया जेमतेम सहा टक्के होत्या आणि त्यांच्या बाबतीत अंदाज कमी अचूक निघाला. ही त्रुटी किरकोळ नाही. संगणकाने जे रुग्ण पाहिले, त्यांच्यासारख्यांबद्दलच तो भरवशाने बोलू शकतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसने मूत्रपिंडे बंद पडलेला रुग्ण येतो, ग्रामीण भागात घोणस चावलेला शेतमजूर येतो. अमेरिकी माजी सैनिकांच्या नोंदींत असे रुग्ण क्वचितच सापडतील. शिवाय अशा माणसाचे क्रिएटिनिन यापूर्वी कधी तपासलेलेच नसते. मूळ पातळीच माहीत नसेल, तर आकडा दीडपट झाला की नाही हे कशावरून ठरवायचे?

इशारा मिळाल्याने रुग्ण वाचतोच असेही नाही. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा रुग्णालयांतील ६,०३० रुग्णांवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. हा इशारा भाकिताचा नव्हता, इजा झाल्यावर डॉक्टरांच्या संगणकावर झळकणारा होता. इजा बळावणे, डायलिसिस आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण त्याने घटले नाही. या सहांपैकी वैद्यकीय शिक्षण न देणाऱ्या दोन रुग्णालयांत तर इशारे मिळालेल्या गटात मृत्यू अधिक झाले. इशाऱ्यानंतर नेमके काय करायचे आणि ते कुणी करायचे, हे ठरलेले नसेल तर उत्तम भाकीतही पडद्यावरच राहते.

दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा प्रश्न वेगळा आहे. तिथे तासांची घाई नसते, वर्षांचा अंदाज हवा असतो, आणि त्याला अवाढव्य यंत्रणाही लागत नाही. क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून गाळण्याचा वेग काढतात. रिपोर्टवर तो 'ईजीएफआर' म्हणून छापलेला असतो. २०२१ च्या सूत्रानुसार क्रिएटिनिन १.२ असेल तर २५ वर्षांच्या पुरुषाचा वेग मिनिटाला सुमारे ८६ मिलिलिटर येतो, ७० वर्षांच्या स्त्रीचा सुमारे ४९. आकडा तोच, पण एक मूत्रपिंड जवळपास ठणठणीत आणि दुसरे निम्म्यावर आलेले. स्नायू कमी असलेल्या कृश माणसात क्रिएटिनिन मुळातच कमी बनते, म्हणून त्याचे मूत्रपिंड आहे त्यापेक्षा चांगले भासते. शंका असल्यास सिस्टाटिन सी हे प्रथिन तपासतात. ते स्नायूंवर फारसे अवलंबून नसते. अमेरिकेत आधीच्या सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी उत्तर वाढवणारा वेगळा गुणक होता. त्याने त्यांचा आजार सौम्य दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागे. २०२१ मध्ये तो काढून टाकण्यात आला.

विकार पुढे किती वेगाने बळावेल, हे सांगणारे समीकरण कॅनडातील नवदीप टांगरी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडले. ईजीएफआर ६० च्या खाली गेलेल्यांसाठी ते आहे. त्याला चारच गोष्टी लागतात: वय, लिंग, ईजीएफआर आणि लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाचे क्रिएटिनिनशी प्रमाण. पाच वर्षांनंतर ते ३० हून अधिक देशांतील सात लाखांवर लोकांच्या माहितीवर पारखले गेले.

चौथ्या आकड्याचे वजन एका उदाहरणातून दिसते. साठ वर्षांचे दोन पुरुष, दोघांचाही ईजीएफआर ३५. एकाच्या लघवीत दर ग्रॅम क्रिएटिनिनमागे २० मिलिग्रॅम अल्ब्युमिन, दुसऱ्याच्या १,०००. उत्तर अमेरिकेबाहेरच्या देशांसाठी जुळवलेल्या समीकरणानुसार पाच वर्षांत मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका पहिल्याला सुमारे ४ टक्के, दुसऱ्याला सुमारे २० टक्के. पहिला तज्ज्ञाकडे पाठवण्याच्या उंबरठ्यावर आहे; त्याला रक्तदाब आणि साखर सांभाळून नियमित तपासण्या करत राहाव्या लागतील. दुसऱ्याला मूत्रपिंडतज्ज्ञाकडे पाठवून, विकाराची गती कमी करणारी डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे सुरू करण्याचा विचार लगेच व्हायला हवा. 'केडिगो'च्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार पाच वर्षांचा धोका ३ ते ५ टक्क्यांवर गेला की तज्ज्ञाकडे पाठवावे. दोन वर्षांचा धोका ४० टक्क्यांवर गेला की प्रत्यारोपणाची किंवा डायलिसिसची तयारी धरावी. डायलिसिससाठी हातावर रक्तवाहिन्या जोडून केलेली फिस्टुला वापरण्याजोगी व्हायला अनेक आठवडे, कधी महिनेही लागतात, म्हणून ही आगाऊ सूचना मोलाची.

एवढे असूनही मधुमेह आणि रक्तदाबाच्या असंख्य रुग्णांचे क्रिएटिनिन वारंवार तपासले जाते आणि लघवीतले अल्ब्युमिन राहून जाते. सकाळच्या पहिल्या लघवीचा छोटा नमुना त्याला पुरतो. ताप, लघवीचा संसर्ग किंवा जोरकस व्यायाम यांनी आकडा तात्पुरता वाढू शकतो, म्हणून वाढ आढळली तर तीन महिन्यांच्या अवधीत चाचणी पुन्हा करून मगच निदान पक्के करतात.