रेडिओ केंद्राचा खरा पत्ता

तुम्ही भोसरी, तळवडे किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीजवळ राहत असाल आणि घरात एखादा जुना मध्यम लहरींचा रेडिओ पडून असेल, तर तो एकदा लावून पाहा. शेजारच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग सुरू झाले, की निवेदकाचा आवाज कढईत पडल्यासारखा चरचरू लागतो. दोष रेडिओचा नाही. हाइनरिख हर्ट्झने १८८७ च्या सुमारास रेडिओ तरंग प्रथम निर्माण केले, ते विजेच्या ठिणगीनेच. वेल्डिंगची ठिणगी म्हणजे एक बेशिस्त प्रक्षेपण केंद्रच होय. ते एका कंप्रतेवर न बोलता एकदम असंख्य कंप्रतांवर ओरडते. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणात आवाज तरंगाच्या आयामात भरलेला असतो आणि ठिणगीही आयामातच ढवळाढवळ करते. बातमी कोणती आणि खरखर कोणती, हे बिचाऱ्या संचाला कळावे कसे?

माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांची हीच तक्रार होती. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस, आता दृष्टी अगदी अधू झालेली. मोबाइलच्या काचेवरची चित्रे त्यांना दिसत नाहीत; बोटांना कळते ते फक्त गोल फिरणारे बटण. सकाळी पुणे केंद्राच्या बातम्या आणि त्यानंतर अभंग, एवढेच त्यांचे मागणे. नातवाने ठरवले, की जुन्या संचाची लाकडी पेटी तशीच ठेवायची आणि आत इंटरनेटचा रेडिओ बसवायचा. त्यासाठी त्याने ‘ईएसपी३२’ जातीचा एक छोटा बोर्ड आणला. हा बोर्ड काडेपेटीएवढा, वायफायला जोडला जाणारा आणि काही शे रुपयांत मिळणारा. जोडणी झाली, केंद्राच्या संकेतस्थळाचा पत्ता त्यात भरला, बटण फिरवले... आणि पेटी गप्प!

असे का झाले? जुन्या संचावर केंद्राचा पत्ता म्हणजे एक आकडा असे. आजोबांची सुई वर्षानुवर्षे ७९२ किलोहर्ट्झवर होती. (तरंगलांबी तुम्हीच काढा, सुमारे ३७९ मीटर येईल.) तेथे सगळ्या केंद्रांचे तरंग तुमच्या एरिअलवर न बोलावताच येऊन आदळत असतात, संचाचे काम फक्त निवडण्याचे. इंटरनेटवर मात्र मागितल्याशिवाय काहीच येत नाही. तुम्ही विशिष्ट पत्त्यावर मागणी पाठवता, मग तेथील संगणक खास तुमच्यासाठी ध्वनीचा एक वेगळा प्रवाह सोडतो. हजार श्रोते असतील तर हजार प्रवाह! आणि संकेतस्थळाचा पत्ता हा त्या प्रवाहाचा पत्ता नव्हे. त्या पत्त्यावर मिळते ते पान, म्हणजे अक्षरे, चित्रे आणि वाजवण्याचे बटण. संगणकावरचा ब्राउझर ते पान वाचून आतला खरा पत्ता स्वतः शोधतो. आपल्या चिमुकल्या बोर्डाला ते जमत नाही. त्याला थेट नळाचीच तोटी दाखवावी लागते.

ती शोधायची कशी? कॉम्प्युटरवर केंद्राचे पान उघडा आणि ‘एफ-१२’ ही कळ दाबा. खिडकीच्या कडेला एक तांत्रिक फलक उघडेल. त्यात ‘नेटवर्क’ हा भाग निवडा आणि मगच पानावरचे वाजवण्याचे बटण दाबा. ब्राउझरने केलेली प्रत्येक मागणी ओळीओळीने दिसू लागेल. चित्रांच्या मागण्या चटकन संपतात. पण एक ओळ अशी सापडेल की जी संपतच नाही, तिचा आकार वाढतच राहतो. तोच आपला प्रवाह. त्याचा पत्ता उचलून ‘व्हीएलसी’ या मोफत प्रोग्रॅममध्ये भरा. पान बंद केल्यावरही आवाज आला, तर शोध फत्ते झाला म्हणायचा.

कधी अशी न संपणारी ओळ नसते. त्याऐवजी दर काही सेकंदांनी एक छोटी फाइल येताना दिसते, आणि मधूनमधून ‘एम-थ्री-यू-एट’ अशा शेपटीची एक फाइल पुन्हा पुन्हा मागवली जाते. येथे प्रवाहाचे सेकंदांत मोजता येतील असे तुकडे पाडलेले असतात आणि ही फाइल म्हणजे ताज्या तुकड्यांची यादी. ती साध्या मजकुराची असते. नोटपॅडमध्ये उघडून वाचा, प्रत्येक तुकडा किती सेकंदांचा तेही त्यात लिहिलेले सापडेल. अशा केंद्राच्या बाबतीत पत्ता उचलायचा तो यादीचा, तुकड्याचा नव्हे. तुकडा मिनिटाभरात शिळा होतो.

पत्ता मिळाला म्हणजे प्रवाह आपल्या मालकीचा झाला, असे मात्र समजू नका. घरी ऐकणे वेगळे आणि तोच प्रवाह परवानगीशिवाय आपल्या नावाने पुढे पाठवणे वेगळे.

आजोबांची पेटी बोलू लागली. चार महिन्यांनी एके दिवशी अभंगांचे केंद्र अचानक मुके झाले. बातम्या लागत होत्या, अभंग नाहीत. नातू परगावी परीक्षेला गेलेला. आजोबा तीन दिवस बटण फिरवत बसले. आपल्याच हातून काही मोडले, अशी त्यांची समजूत झाली. मला हे नंतर कळले तेव्हा फार वाईट वाटले, कारण चूक आम्हा दोघांची होती. त्या केंद्राने आपला प्रवाह दुसऱ्या संगणकावर हलवला होता. आम्ही बोर्डात भरला होता तो जुन्या संगणकाचा आकडी पत्ता. केंद्राने दिलेली ‘पीएलएस’ शेपटीची छोटी फाइल उघडून तो आम्ही मोठ्या हौसेने बाहेर काढला होता! बोर्डाने दर वेळी ती फाइलच मागवून आतला पत्ता वाचला असता, तर बदल आपोआप कळला असता. आता तसेच केले आहे. शिवाय पत्ता लागला नाही तर पेटी तीनदा ‘टुक’ वाजवते, म्हणजे हात दोषी नाहीत हे आजोबांना समजते.

एक गंमत राहिलीच. आजोबा आकाशवाणीच्या वेळेच्या ठोक्यांवर आपले घड्याळ लावतात, आकडे बोटांनी चाचपता येणारे. नव्या पेटीवर लावलेले घड्याळ दर वेळी मागे पडू लागले. पुण्याहून भोसरीपर्यंतचे १५ किलोमीटर अंतर रेडिओ तरंग सेकंदाच्या सुमारे २० हजाराव्या भागात कापतो. इंटरनेटवर मात्र आवाज आधी दाबून लहान करायचा, त्याचे तुकडे पाडायचे, ते पाठवायचे आणि खंड पडू नये म्हणून ऐकणाऱ्याने दोनतीन तुकडे साठवूनच वाजवायला सुरुवात करायची. तुकडा १० सेकंदांचा असेल तर अर्धे मिनिट तेथेच गेले. तुमच्या घरी हे मोजून पाहा: एका बाजूला पुण्याची विविध भारती १०१ मेगाहर्ट्झवर लावा, दुसऱ्या बाजूला तीच इंटरनेटवर, आणि एकच शब्द दोन्हीकडे केव्हा ऐकू येतो ते स्टॉपवॉचने टिपा. सकाळी, दुपारी आणि रात्री, असे तीनदा मोजा; उत्तर दर वेळी सारखे येतेच असे नाही.

आजोबा घड्याळ आता शेजाऱ्यांच्या एफएमवर लावतात.