पाहणीचे पथक दारी आले तर...

"आमचेच घर का निवडले?" "ही माहिती घेऊन पुढे काय करणार?" राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे पथक दारात उभे राहिले की असे प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. माता-बालकांच्या आरोग्याची ही पाहणी देशात प्रथम १९९२-९३ साली झाली. त्यानंतर १९९८-९९, २००५-०६, २०१५-१६ आणि २०१९-२१ मध्ये ती पुन्हा घेण्यात आली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी या कामाची सूत्रे मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था सांभाळते.

घर कसे निवडतात?

प्रथम काही गावे व शहरी विभाग निवडले जातात. तेथील घरांची यादी करून त्यातून चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे घरे काढतात. २०१५-१६ आणि २०१९-२१ च्या पाहण्यांत एका विभागातून २२ घरे घेतली गेली. निवडलेले घर बंद आढळले, तर शेजारचे घर घेता येत नाही. पथकाला पुन्हा यावे लागते. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणाऱ्यांची दारे दिवसा बंद असतात. अशी घरे सुटत गेली, तर कामगार कुटुंबांचे चित्रच अपुरे राहील. म्हणून घरी कधी भेटाल ती वेळ शेजाऱ्यांकडे सांगून ठेवावी.

"आम्ही भाडेकरू, मूळ गाव दुसरीकडे" ही अडचण नाही. आदल्या रात्री त्या घरात मुक्कामाला असलेली १५ ते ४९ वयाची प्रत्येक स्त्री पाहणीत येते. बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेकही त्यात आली.

काय विचारतात, काय तपासतात?

गरोदरपणातील तपासण्या, लोहाच्या गोळ्या, प्रसूती कोठे झाली, बाळाला अंगावर केव्हा पाजले, लसी कोणत्या दिल्या, असे प्रश्न असतात. माता-बाल संरक्षण कार्ड हाताशी ठेवावे, म्हणजे तारखा आठवाव्या लागत नाहीत. मुलांचे वजन व उंची घेतात. २०१९-२१ च्या पाहणीत रक्तातील हिमोग्लोबिन पाहण्यासाठी बोटातून, अगदी लहान बाळाच्या टाचेतून, थेंबभर रक्त घेतले जात होते. त्याचा आकडा तेथेच सांगितला जात होता. तो कमी आल्यास आरोग्य केंद्रात दाखवता येई, हा घरचा फायदाच होता.

एक प्रश्न मात्र जिवावर येतो. जन्मलेल्या प्रत्येक मुलाची माहिती विचारतात, दगावलेल्यांचीही. "दोन तासच जगले, ते कशाला सांगायचे?" म्हणून पुष्कळदा घरचे विषय टाळतात. परंतु अर्भकमृत्यूचा दर या पाहणीत आयांच्या उत्तरांवरूनच काढला जातो. पहिल्या पाहणीत देशात दर हजार जन्मांमागे सुमारे ७९ बाळे वर्षाच्या आत दगावत होती; २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ३५ वर आले. न सांगितलेले मूल या हिशेबातून कायमचे वगळले जाते, आणि त्याच्या मृत्यूमागील कारणावर उपाय करण्याची निकडही कमी दिसते.

दवाखान्याच्या नोंदवहीत दवाखान्यात आलेल्यांचीच नोंद असते. महाराष्ट्रात रुग्णालयातील प्रसूतींचे प्रमाण २०१५-१६ मधील ९० टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ९५ टक्क्यांवर गेले. त्याच काळात रक्तक्षय असलेल्या स्त्रिया ४८ वरून ५४ टक्के, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाची बालके ५४ वरून ६९ टक्के झाली. घरोघर जाऊन रक्त तपासले नसते, तर प्रसूतीच्या आकड्यावरच आपण समाधान मानले असते.

उत्तर कोणी द्यावे?

जिला प्रश्न विचारला तिनेच. सुनेच्या वतीने सासूबाईंनी किंवा पतीने बोलू नये. स्त्रियांशी बोलायला स्त्री कार्यकर्तीच असते. संततिनियमन, घरातील मारहाण यांसारखे प्रश्न एकांतात विचारायचे असतात, तेव्हा घरच्यांनी थोडा वेळ बाजूला व्हावे. दिलेली उत्तरे गोपनीय राहतात; अहवालात नाव येत नाही.

सहभाग ऐच्छिक आहे. एखाद्या प्रश्नाचे उत्तर न देण्याचा किंवा रक्त न देण्याचा अधिकार तुम्हाला आहे. मात्र न पटलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर देण्यापेक्षा "सांगायचे नाही" म्हणणे बरे.

सावधगिरीही हवी. आलेल्यांचे ओळखपत्र व पत्र पाहावे. शंका असल्यास आशाताईंना किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारावे. या पाहणीसाठी पैसे द्यावे लागत नाहीत. घरात कोणाचे बँक खाते आहे का, एवढे विचारले जाऊ शकते. खात्याचा क्रमांक किंवा फोनवर आलेला गुप्त क्रमांक कोणी मागू लागल्यास देऊ नये.

२०१५-१६ पासून या पाहणीचे आकडे जिल्हावार मिळू लागले आहेत. सांगली जिल्ह्यासाठी काही शेकडो घरेच लाखो कुटुंबांच्या वतीने बोलतात. तुमचे घर त्यात निघाले, तर तासाभराचा वेळ काढावा आणि घरातील सुनेला, लेकीला मोकळेपणाने बोलू द्यावे.