वडिलांची जुनी खेळण्यातली आगगाडी सापडली? घासण्याआधी आणि प्लग लावण्याआधी हे वाचा

नारपोली (भिवंडी) : दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरचे जुने खोके खाली येतात. त्यात कधी कधी वडिलांच्या लहानपणीची आगगाडी निघते. गंजलेलं इंजिन, दोन-तीन डबे, थोडे वाकडे रूळ. मग एक तर भंगारवाला ती वजनावर घेऊन जातो, नाहीतर घरातलं कोणीतरी पॉलिश पेपर घेऊन तिला ‘नवी’ करायला बसतं. हा दुसरा प्रकार जास्त वाईट. बऱ्याच जुन्या पत्र्याच्या गाड्यांवर खिडक्या, आकडे, पट्टे हे सगळं पत्र्यावरच छापलेलं असतं. ते एकदा घासून गेलं की परत येत नाही. वरून ऑइल पेंट मारला तर शौकीन लोक त्या गाडीला विचारतही नाहीत.

म्हणून आधी गाडी कोणती ते ओळखा. वडील असतील तर पहिलं त्यांनाच विचारा आणि बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. कोणी आणली, बोटीवरच्या काकांनी की मुंबईच्या दुकानातून, साधारण कोणत्या साली? ही माहिती कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते.

मग इंजिन उलटं करून उजेडात पोटाकडचा फोटो काढा. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ दिसलं तर गाडी दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची. ‘वेस्टर्न जर्मनी’ असेल तर जर्मनीची फाळणी झाल्यानंतरची. लिव्हरपूलच्या ‘मेकॅनो लिमिटेड’ कंपनीने १९२० पासून ‘हॉर्नबी’ नावाच्या गाड्या काढल्या. १९६४ मध्ये ती कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली, पण हॉर्नबी हे नाव आजही चालू आहे. त्यामुळे नुसत्या नावावरून वय ठरवू नका. काहीच छाप नसेल तर फोटो गूगल लेन्सवर टाका, जवळपासचं मॉडेल बहुतेक वेळा सापडतं.

रूळही मोजा. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर ३२ मिलिमीटर असेल तर तो ‘ओ’ गेज, १६.५ असेल तर ‘एचओ’ किंवा ‘ओओ’. पुढे रूळ किंवा चाकं शोधायची झाली तर हाच आकडा लागतो. मधोमध तिसरा रूळ असेल तर गाडी विजेवरची. इंजिनच्या बाजूला चौकोनी दांडीचं भोक असेल तर चावीची.

आता साफसफाई. मऊ ब्रशने धूळ झाडा, मग कपडा किंचित ओला करून हलक्या हाताने पुसा आणि लगेच कोरडं करा. थिनर, पेट्रोल अजिबात नको, प्लास्टिक विरघळतं आणि छपाई उडते. आपल्याकडे घराला लागून माग असतात, त्यामुळे कापसाचे बारीक तंतू चाकांच्या दांड्यांना गुंडाळलेले हमखास सापडतील. ते चिमट्याने ओढून काढा. गाडी अडण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. त्यानंतर दांड्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक-एक थेंब, जास्त नाही. चावीच्या गाडीला आधी दोन-तीनच पीळ द्या. स्प्रिंगचं झाकण मात्र उघडू नका, आतली पट्टी उसळून हात कापतो. ते काम घड्याळजीला द्या, नाहीतर हात बसलेला जॉबर असेल तर त्याला दाखवा.

विजेच्या गाडीत खरा धोका आहे. जुना ट्रान्सफॉर्मर थेट प्लगला लावू नका. वायरचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं, शॉक बसू शकतो. अमेरिकेहून आलेला असेल तर तो ११०-१२० व्होल्टचा. आपल्या २३० वर लगेच जळेल. आधी मोटार रिवायंडिंगवाल्याकडून तपासून घ्या. इंजिनवर किंवा खोक्यावर १२ व्होल्ट डीसी लिहिलेलं असेल तर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी क्षणभर लावून इंजिन हलतं का ते पाहता येतं.

इंजिनचा ओतीव भाग किंवा चाकं फुगून बारीक तडे गेले असतील तर तो जस्ताच्या मिश्रधातूचा रोग आहे. ओतताना शिसं मिसळलं गेलं की वर्षानुवर्षांनी असं होतं. त्याला औषध नाही, तो भाग बदलावाच लागतो.

जुन्या रंगातही शिसं असू शकतं. म्हणून गाडी लहान पोरांच्या हातात देऊ नका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. पोरांना चालती छोटी रेल्वे दाखवायचीच असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. तिथे सिग्नल, स्टेशनसकट सगळं चालू असतं.

ठेवताना मूळ खोका फाटका असला तरी फेकू नका, खोक्यासकट गाडीची किंमत जास्त येते. पत्र्याच्या छपराखालचा माळा सोडून कपाटात ठेवा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, सुती कापड वापरा. सोबत बुटांच्या खोक्यात येतात तशा ओल शोषणाऱ्या दोन-चार पुड्या टाका, आणि पावसाळा संपला की एकदा उघडून बघा.