फिरत्या टाकीतील सौम्य डेव्हलपर

१९१३ साली झळकलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची फिल्म धुण्याचे काम सरस्वतीबाई फाळके यांनी दादरच्या घरीच केले. निगेटिव्ह बिघडली की टिपलेला क्षण गेलाच. हे तेव्हा जितके खरे होते, तितकेच आजही आहे.

आडव्या फिरत्या टाकीत फिल्म आळीपाळीने भिजते; म्हणून द्राव थोडा पुरतो. परंतु त्यात पाणी मिसळले की क्रियाशील रसायन घटते, लवकर थकते आणि निगेटिव्ह फिकी उतरते. डी-७६ मध्ये समभाग पाणी घातल्यास छत्तीस चित्रांच्या एका रोलला ४७३ मिलिलिटर मिश्रण घ्यावे, असे कोडॅक सांगते. २३७ मिलिलिटरमध्ये धुतल्यास वेळ दहा टक्के वाढवावा लागतो.

तेव्हा फिल्म भिजली एवढ्यावर समाधान न मानता, मिश्रणात मूळ डेव्हलपर किती, हे आधी मोजावे.