आधी माती, मग स्प्रिंग

रिमोटवर चालणारा शॉर्ट कोर्स ट्रक डांबरी रस्त्यावर कुणीही चालवू शकतो. तोच ट्रक कर्जतकडच्या शेलूच्या सुकलेल्या भातखाचरात वेगाने वळवून पाहावा. पुढची चाकं वळतात, पण ट्रक सरळच जातो. नाहीतर मागची बाजू पुढे येते आणि तो गरकन फिरतो. उंचवट्यावरून उडाला तर नाक आभाळाकडे करून पाठीवर आपटतो. या तिन्ही तक्रारींवर नवशिका आधी मोठी मोटर शोधायला निघतो. माझं ठाम मत आहे की मोटर हा अगदी शेवटचा उपाय आहे. ट्रक वळतो आणि सावरतो तो टायर, वजन, शॉक आणि हवा यांच्यामुळे, आणि या चारही गोष्टींचं उत्तर तुमच्या पायाखालची माती ठरवते.

ट्रक कसा आहे हे आधी पाहू. उत्तर अमेरिकेत वाळवंटातून शेकडो मैल धावणाऱ्या शर्यती आहेत. त्यातली ‘बाहा १०००’ ही मेक्सिकोतली शर्यत १९६७ साली सुरू झाली. तेच ट्रक प्रेक्षकांसमोर, उंचवटे आणि तीव्र वळणं असलेल्या बंदिस्त मातीच्या ट्रॅकवर धावू लागले, ते शॉर्ट कोर्स. विस्कॉन्सिनमधल्या क्रँडनला १९७० पासून अशा शर्यती होतात. टेक्सासच्या ट्रॅक्सस कंपनीने २००८ मध्ये ‘स्लॅश’ हा एक दशांश आकाराचा ट्रक बाजारात आणला. पुढच्याच वर्षी टीम असोसिएटेडचा ‘एससी१०’ आला आणि या आकाराच्या शर्यतींना जगभर बहर आला. स्लॅश साधारण ५७ सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद आहे, बॅटरीसह अडीच किलोच्या आसपास भरतो. मूळच्या स्लॅशमध्ये ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. वर पॉलिकार्बोनेटची रुंद, पोकळ बॉडी असते. तिच्यामुळे ट्रक खराखुरा दिसतो आणि तिच्यामुळेच उडीत त्रास देतो. त्याकडे पुढे येऊच.

आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये विद्यार्थ्यांनी इंधनावर चालणाऱ्या आरसी, म्हणजे रिमोटवरच्या, गाड्या स्वतः बांधून मातीच्या ट्रॅकवर पळवल्या आहेत. माणूस बसेल एवढ्या गाडीवर वळण्या-सावरण्याचे हेच प्रश्न ‘बाहा एसएई इंडिया’त सोडवले जातात. स्पर्धेला येणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी जाडजूड नळ्यांची चौकट वेल्ड करून तिच्यावर सस्पेन्शन बसवतात. गाडी दोनशे किलोची असो वा अडीच किलोची, वळणावर वजन आतल्या चाकांकडून बाहेरच्या चाकांकडे सरकतं, हा नियम दोन्हींना सारखाच.

आता माती. वांगणी आणि नेरळच्या मधल्या शेलूच्या परिसरात दोन अगदी वेगळ्या जमिनी शेजारी शेजारी सापडतात. सखल भागात भाताची खाचरं आणि चढाला वरकस. खाचरात पावसाळ्यात चिखलणी होते. नांगर-फाळाखाली माती घुसळली जाते, बारीक कण वर येतात आणि पाणी खाली झिरपू नये असा घट्ट थर तयार होतो. भात कापून झाल्यावर हीच माती सुकते, आक्रसते, तिला भेगा पडतात. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पृष्ठभाग विटेसारखा कडक होतो आणि त्यावर फुफाट्याचा पातळ थर बसतो. वरकस जमिनीत मुरूम जास्त, म्हणजे झिजून भुसभुशीत झालेल्या काळ्या दगडाचे खडे. ते चाकाखाली घरंगळतात आणि रबर कानसल्यासारखं झिजवतात.

कंपन्या आपल्या शर्यतपटूंचे ‘सेटअप शीट’ प्रसिद्ध करतात. कुठली स्प्रिंग, कुठलं ऑइल, किती कॅम्बर, सगळं त्यात असतं. त्यातले बरेचसे आकडे पाणी मारून दाबलेल्या, चिकट पकडीच्या अमेरिकी ट्रॅकवरचे आहेत. शेलूच्या फुफाट्यावर ते जसेच्या तसे उतरवले की ट्रक बर्फावर असल्यासारखा वागतो. शीट चुकीचं नसतं, ते दुसऱ्या मातीचं असतं. परदेशातल्या काही कायम ट्रॅकवर धूळ बसावी म्हणून कॅल्शियम क्लोराईड फवारतात. भाताच्या खाचरात हा विचारही करू नये, पुढच्या हंगामात तिथे रोपं लावायची असतात. आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडावं, एवढं पुरतं. सकाळी तीच माती दबून बसते आणि ऊन चढेपर्यंत छान पकड देते. पण आधी मालकाला विचारावं. भातानंतर उरलेल्या ओलीवर बऱ्याच खाचरांत वाल पेरलेला असतो. उडीसाठी शेताचा बांधही वापरू नये. एका कोपऱ्यातून बांध ढासळला की पावसात पाणी तिथूनच फुटतं. मुरमाच्या चार पाट्या टाकून वेगळा उंचवटा करावा.

पहिला पैसा टायरवर घालावा. आरसी टायरमध्ये हवा भरलेली नसते. आत फोमची रिंग असते आणि टायरच्या कडा सुपरग्लूने रिमला चिकटवलेल्या असतात. पकड तीन गोष्टींतून येते: रबर किती मऊ, दातांची ठेवण कशी आणि आतला फोम किती घट्ट. कडक जमिनीवर बारीक धूळ असेल तर बुटके, जवळ जवळ असलेले बारीक दात हवेत. ते धूळ बाजूला सारून खालच्या कडक थराला भिडतात. मुरमावर उंच, लांब लांब दात लागतात, कारण तिथे खड्यांमध्ये रुतायचं असतं. पाणी मारलेल्या मातीवर दातांमध्ये चिखल भरतो, म्हणून मोकळी ठेवण बरी. फार मऊ रबर खाचरात सुंदर चिकटतं, पण मुरमावर त्याच्या दातांच्या कडा चटकन गोल होतात. कडा गेल्या की पकड गेली, टायर दिसायला नवा असला तरी. फोम मऊ पडला तर टायर वळणावर रिमवरून एका बाजूला लोळतो आणि ट्रक क्षणभर अडखळून मग वळतो. हा अडखळा सस्पेन्शनचा दोष समजून कितीतरी जण शॉक उघडत बसतात. रिमला किंवा टायरला हवा ये-जा करायला बारीक छिद्र असतं. ओल्या मातीत ते टायरच्या पृष्ठभागावर असलेलं चांगलं, फिरताना आतलं पाणी बाहेर फेकलं जातं.

मग ट्रक जमिनीपासून किती वर आहे ते पाहावं. बॅटरीसकट तो हातभर उंचीवरून अलगद सोडावा, बसेल तसा बसू द्यावा आणि चेसिसखालचं अंतर मोजावं. साधारण २५ ते ३० मिलिमीटर ही मर्यादा चालते. ट्रक उंच ठेवला तर खड्डे सहज पार होतात, पण गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर तो कलंडतो. स्लॅशची ही जुनी खोड आहे, म्हणून कंपनीने पुढे कमी उंचीची चेसिसही काढली. बॅटरी पुढे सरकवली की पुढच्या चाकांवर भार येतो आणि ट्रक चटकन वळतो. मागे सरकवली की मागची पकड वाढते. फुफाट्यावर मागच्या चाकांना भाराची फार गरज असते, म्हणून खाचरात बॅटरी मागे ठेवूनच सुरुवात करावी.

शॉक हा या छंदातला सगळ्यात सुंदर भाग. स्प्रिंग वजन पेलते आणि आतलं सिलिकॉन ऑइल तिची हालचाल आवरतं. ऑइल पिस्टनच्या बारीक छिद्रांतून जातं. ट्रक संथ हलला तर ते सहज वाहतं. उडीनंतर जोरात आपटला की छिद्रांत खळबळ होऊन विरोध एकदम वाढतो. छिद्रं लहान असतील तर मोठ्या उडीत चेसिस जमिनीला लागत नाही, पण लहान खाचखळग्यांवर चाक उडत राहतं. भेगाळलेल्या खाचरात असे खाचखळगे फार, म्हणून इथे मोठी छिद्रं आणि थोडं जाड ऑइल ही जोडी मला जास्त भरवशाची वाटते. ऑइल भरताना आतले बुडबुडे वर येईपर्यंत शॉक उभा ठेवावा. बुडबुडा राहिला तर दोन्ही बाजूंचे शॉक सारखे वागत नाहीत.

ऑइलच्या बाबतीत आपल्या हवेचा हिशेब कुठल्याच शीटमध्ये मिळत नाही. बाटलीवरचा ३० हा आकडा खोलीच्या तापमानातला आहे, साधारण २५ अंश सेल्सियसचा. तेव्हा त्याची जाडी ३५० सेंटिस्टोक्सच्या आसपास असते. तापमान ४० अंशांकडे गेलं की सिलिकॉन ऑइल पाचव्या हिश्श्याच्या आसपास पातळ होतं, म्हणजे ३० चं ऑइल २५ च्या जवळ वागू लागतं. डिसेंबरच्या सकाळी कर्जतकडे पारा बारा-तेरा अंशांवर असतो, तेव्हा तेच ऑइल ३५ सारखं जड होतं. सकाळी छान चाललेला ट्रक मार्चच्या दुपारी डोलू लागला तर कारण इथे शोधावं. दुपारसाठी एक पायरी जाड ऑइल घ्यावं.

स्प्रिंगचा हिशेब उलटा वाटतो, पण एकदा कळला की पक्का बसतो. वळणावर बाहेरच्या चाकांवर येणारं एकूण वजन गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि ट्रकच्या रुंदीवर ठरतं. स्प्रिंग बदलून ते कमी होत नाही. पण पुढचा आणि मागचा आस ते किती वाटून घेतील, हे स्प्रिंग ठरवतात. जिकडची स्प्रिंग कडक, तिकडे वजन जास्त सरकतं आणि तिकडची पकड कमी होते. म्हणून ट्रक वळतच नसेल तर पुढची स्प्रिंग मऊ करावी किंवा मागची कडक. मागची बाजू फिरत असेल तर उलट. फुफाट्यावर दोन्हीकडे मऊ बरं, पण मागे अधिक मऊ.

चाकांच्या कोनांबद्दल थोडक्यात. कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवणं, एक ते दोन अंश पुरतं. मागची चाकं प्रत्येकी तीन अंशांच्या आसपास आत वळलेली असतील तर ट्रक सरळ धावतो. पुढची सरळ किंवा जरा बाहेर. यापलीकडचे बारीक खेळ टायर आणि ऑइल जुळल्यावरच करावेत.

आता हवा. ही रुंद पोकळ बॉडी उडीत खालून हवा गोळा करते आणि छत्रीसारखी फुगते. नाक वर जातं, कधी ट्रक आडवाही होतो. मागच्या चाकांच्या पाठीमागे, जिथे हवा अडकते, तिथे बॉडीला खिडक्या कापल्या की ती निसटून जाते. कापण्याआधी स्पर्धेचे नियम वाचावेत, काही ठिकाणी छिद्रांची जागा आणि आकार ठरवून दिलेला असतो. हवेत नाक सावरायचं हत्यार मात्र बोटात असतं. उड्डाणात ट्रिगर दाबला की मागची चाकं आणखी वेगाने फिरतात आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून नाक वर येतं. ब्रेक मारला की चाकं थांबतात, त्यांचं फिरणं ट्रकमध्ये जातं आणि नाक खाली येतं. दोन्ही क्रिया क्षणभरच्या असाव्यात. उंचवट्याच्या टोकावर ट्रिगर एकदम सोडणाऱ्याचं नाक खाली जातं, एकदम दाबणाऱ्याचं वर. वेग चढायच्या आधी ठरवावा आणि टोकापर्यंत तोच ठेवावा.

राहिली मोटरची ताकद. तिचा झटका घसरून पचवणारा स्लिपर क्लच सैल ठेवला तर सुरुवातीला तो थोडा घसरतो आणि चाकं धूळ उडवत जागच्या जागी फिरत नाहीत. फुफाट्यावर हा छोटा नट मोठ्या मोटरपेक्षा जास्त वेळ वाचवतो. उन्हाळ्यात पिनियन, म्हणजे मोटरवरचा छोटा गिअर, एका दाताने लहान करावा, मोटर कमी तापते. दोन सेलची लिथियम बॅटरी भरल्यावर ८.४ व्होल्टची असते. ती उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवू नये, फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

सुटे भाग परदेशातून मागवायला वेळ आणि सीमाशुल्क दोन्ही लागतात. पण स्लॅशच्या चाकातले बेअरिंग ५ बाय ११ मिलिमीटरचे आहेत आणि ते काही कंपनीचं गुपित नाही. लोकलने मुंबईत मस्जिदला जावं आणि नागदेवी स्ट्रीटवरच्या बेअरिंगच्या दुकानात माप सांगावं. रबरी सीलचे घ्यावेत, फुफाटा आत जात नाही. शॉकचं ऑइल आणि टायर मात्र चांगलेच घ्यावेत, तिथे काटकसर अंगाशी येते.

बदल करताना एका वेळी एकच करावा. त्याच रस्त्यावर पाच फेऱ्या माराव्यात, प्रत्येक फेरीची वेळ लिहावी आणि सगळ्यात वेगवान फेरीपेक्षा सरासरीकडे पाहावं. शर्यत जिंकून देते ती सरासरी. वहीत मातीची अवस्था, दिवसाची वेळ, ऑइल आणि टायर एवढं लिहिलं तरी पुढच्या वर्षी हंगामाच्या सुरुवातीला आपल्या खाचराचं आपलं सेटअप शीट तयार असतं. जूनचा पहिला पाऊस आला की खाचर शेतकऱ्याचं. मग शॉकमधलं जुनं ऑइल काढावं, बेअरिंग धुऊन वंगण द्यावं आणि प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून बॅटरी ठेवून द्यावी. पूर्ण भरून चार महिने ठेवली तर ती फुगते, रिकामी ठेवली तर मरते.