शुश्रूषा हीही विद्याच

गेल्या पावसाळ्यात येथे मोर्शीस आमच्या मातोश्री अंगणात घसरून पडल्या व मांडीचे हाड मोडल्याने अंथरुणास खिळल्या. घरात पदवीधर माणसे पाच; पण रुग्णास कुशीवर कसे वळवावे हे एकालाही ठाऊक नव्हते. थोड्याच दिवसांत त्यांच्या पाठीस व्रण पडला. आमच्या आळीतील एक परिचारिका समाचारास आली. तिने तो पाहून डॉक्टरांस बोलावण्यास सांगितले आणि दर दोन तासांनी कूस पालटण्याची, चादरीस सुरकुती न राहू देण्याची रीत सुनांस शिकविली. व्रण भरून आला.

आम्हास लाज वाटली ती निराळ्याच कारणाने. पंधरा वर्षांपूर्वी याच मुलीचे वडील आमचा सल्ला घेण्यास आले असता, "असले काम घरंदाज मुलींचे नव्हे, तिला बी.ए. करा," असे आम्ही ठणकावले होते. त्यांनी आमचे ऐकले नाही, हे आमच्या मातोश्रींचे भाग्य!

वास्तविक जन्मभर संस्कृत शिकविणाऱ्याने असे बोलू नये. चरकाने सूत्रस्थानात वैद्य, औषध, परिचारक व रोगी असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. परिचारकाच्या अंगी उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी ममता व शुचिता हे चार गुण असावेत, असे त्याचे म्हणणे. 'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ तर 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. पुण्यास १९०९ साली सेवासदन निघाले व रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. एवढे ठाऊक असूनही आमची दृष्टी मागेच राहिली.

ज्या घरी मुलीच्या मनात हा विचार असेल, त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहितो. ए.एन.एम. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असून त्यातील शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे असतात. त्यासाठी कोणत्याही शाखेची बारावी उत्तीर्ण व वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रवेशाची रीत शासन वेळोवेळी जाहीर करते, ती आधी पाहावी. फी भरण्यापूर्वी त्या संस्थेस महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही याची खात्री करावी. कारण पुढे नोंदणी तेथेच व्हावयाची असते, आणि नोंदणीवाचून नोकरी नाही.

प्रवेश मिळाला म्हणजे यश मिळाले असे मात्र नव्हे. औषधाच्या मात्रेचे गणित चुकता कामा नये. म्हणून त्रैराशिक व दशांश पक्के करावेत. शरीरशास्त्रातील इंग्रजी संज्ञा रोज दहा लिहून काढाव्यात. पहिल्यांदा रक्त पाहून भोवळ आली तर लाजू नये. ती सवयीने जाते. रात्रपाळीची झोप दिवसा मिळाली पाहिजे, ही जबाबदारी घरच्यांची. रात्रभर जागून आलेल्या मुलीस कोणी लगेच चुलीपुढे बसवू नये. हात धुण्याचा नियम तर आमच्या सोवळ्याहूनही कडक! त्यात एकदा झालेली हयगय परक्याच्या जिवावर बेतते.

यंदा आमच्या धाकट्या बंधूंची नात बारावी झाली व तिने हाच मार्ग धरण्याचा हट्ट घेतला. घरात पुष्कळ वादावादी झाली. शेवटी मातोश्रींनी पलंगावरूनच विचारले, "मला कुशीवर वळवायला कोण आले होते?" त्यावर कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मुलीस घेऊन अर्ज भरण्यास आम्ही स्वतः गेलो.